मोज्यातून आलेले सरडे

1951 साली इटलीतल्या गार्डा सरोवराकाठी सुट्टी घालवून एक अमेरिकन कुटुंब घरी परत निघालं, तेव्हा त्यांच्यातल्या दहा वर्षांच्या मुलाजवळ एक मोजा होता आणि त्या मोज्यात दहाएक जिवंत सरडे होते. सरोवराकाठच्या दगडी भिंतींवर ऊन खात बसणारे आणि हात पुढे केला की फटीत गडप होणारे हे प्राणी त्याला भारी आवडले होते. कस्टमच्या नजरेतून मोजा निसटला. ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी शहरात पोचल्यावर टॉरन्स कोर्ट नावाच्या गल्लीतल्या आपल्या घराच्या परसात त्याने ते सोडून दिले.

मुलगा लाझारस कुटुंबातला. डिपार्टमेंट स्टोअरच्या धंद्यामुळे हे नाव ओहायोत सगळ्यांच्या तोंडी होतं. परसातल्या सरड्यांची प्रजा वाढून गल्लोगल्ली पसरली, तेव्हा लोकांनी त्यांनाही तेच नाव लावलं: लाझारस लिझर्ड. आज सिनसिनाटीत जन्मलेल्या माणसाला हे सरडे नदीइतकेच जुने वाटतात.

ही हकीकत बहुतेक वेळा एका मुलाची गंमत म्हणून सांगितली जाते. तिच्यामागे मात्र मोठा इतिहास आहे. विसाव्या शतकात युरोपातले भिंतसरडे इंग्लंडच्या किनाऱ्यापासून कॅनडाच्या पश्चिम टोकापर्यंत जाऊन पोचले. त्यातले बरेचसे पाळण्यासाठी नेलेले होते आणि कधी निसटून, कधी मालकाच्या हातून मोकळे झाले. वाईट हेतू क्वचितच कुणाचा होता. तरी त्याचे परिणाम ती माणसं गेल्यावरही उरले, आणि ते निस्तरायची वेळ त्यात काहीच हात नसलेल्या पुढच्या पिढ्यांवर आली.

प्राणी आधी नीट पाहू. भिंतसरडा, शास्त्रीय नावाने पोडार्सिस म्युरॅलिस, अंगाने आपल्या घरातल्या पालीएवढा. पण पाल रात्री दिव्याखाली येते आणि हा उन्हाचा भक्त. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत सहा-सात सेंटिमीटर, शेपूट त्याच्या दुप्पट. पाठ तपकिरी, तिच्यावर जाळीदार नक्षी. इटलीतल्या काही कुळांत पाठीवर हिरवी झाक येते आणि पोट काळ्या ठिपक्यांनी भरून जातं. पालीच्या पायाला असतात तसे चिकटणारे तळवे याला नाहीत. त्याची भिस्त बारीक नख्यांवर आणि चपट्या अंगावर. सकाळी तो भिंतीच्या उन्हाच्या बाजूला येतो, बरगड्या फाकवून अंग आणखी चपटं करतो आणि दगडाला पोट लावून पडून राहतो. अंग तापलं की शिकार सुरू: किडे, कोळी, अळ्या, प्रसंगी स्वतःच्याच जातीची पिल्लं. मादी एका खेपेला दोनापासून दहापर्यंत अंडी घालते, आणि ऊन चांगलं असेल तर एका मोसमात दोन-तीन खेपा होतात.

स्पेनच्या उत्तर भागापासून तुर्कस्तानच्या वायव्य कोपऱ्यापर्यंत याची मूळ वस्ती. निसर्गात तो कडेकपारीत राहतो, पण माणसाने दगडावर दगड रचायला सुरुवात केली तेव्हा त्याची चंगळ झाली. द्राक्षमळ्यांचे बांध, रोमन भिंती, किल्ल्यांचे तट, पुढे रेल्वेचे भराव हे सगळं त्याला कपारीसारखंच. माणसाच्या शेजाराची सवय त्याला शेकडो वर्षांची होती. परक्या शहरात सोडल्यावर तो बुजून मेला नाही, त्याचं मोठं कारण हेच.

त्याला तिथवर नेणाऱ्या गोष्टी तीन. पहिली हौस. काचेच्या पेटीत माती, दगड, झाडं रचून त्यात बेडूक-सरडे ठेवायचा छंद एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-जर्मनीत मध्यमवर्गाच्या घरांत रुजला. दक्षिण युरोपातले सरडे पकडायला सोपे, दिसायला देखणे आणि स्वस्त. दुकानदारांनी ते पुरवले. दुसरी गोष्ट प्रवास. दुसऱ्या महायुद्धानंतर सुखवस्तू अमेरिकन कुटुंबं सुट्टीला युरोपात जाऊ लागली. विमानाने काही तासांत समुद्र ओलांडता येऊ लागला आणि मोज्यात कोंबलेला सरडाही तेवढा वेळ तग धरू शकला. तिसरी गोष्ट म्हणजे शहरं. उन्हात तापणारा दगड, सांधे भरलेले नसलेले कठडे आणि शहरभर पसरलेले रूळ, म्हणजे भिंतसरड्याला हवं ते सगळं तिथे आयतं होतं.

पण नुसतं सोडल्याने वसाहत होते असं नाही. फिलाडेल्फियात 1920 च्या दशकात याच्याच एका भाऊबंदाची, इटालियन भिंतसरड्याची, वसाहत झाली होती. पुढे ती नामशेष झाली. इंग्लंडमध्ये सरे परगण्यातल्या फार्नहॅम किल्ल्यावर 1932 साली भिंतसरडे सोडल्याची नोंद आहे. आइल ऑफ वाइट बेटावरच्या व्हेंटनरमध्ये दक्षिणेकडे तोंड करून उभ्या असलेल्या भिंती आणि उतार त्यांना मानवले, आणि तिथली वसाहत आजही नांदते आहे. थोडे प्राणी, परकी हवा, एखादा कडक हिवाळा: एवढ्यावर बहुतेक प्रयोग संपतात. टिकतात ते मोजके. पण जे टिकतात ते मग हटत नाहीत.

सिनसिनाटीत ते टिकले याचं श्रेय शहराच्या बांधणीला जातं. ओहायो नदीच्या काठचं हे शहर टेकड्यांवर चढत गेलं. उतार खचू नये म्हणून जागोजागी चुनखडीच्या दगडांचे बंधारेवजा कठडे बांधले गेले. उन्हाळा गार्डाकाठच्या उन्हाळ्यासारखाच उबदार. हिवाळा मात्र कितीतरी कडक. पारा शून्याच्या बराच खाली जातो. सरड्यांनी या थंडीवर उपाय केला तो कठड्यांच्या आधाराने. फटीतून आत, मातीच्या बाजूला, जिथपर्यंत गोठण पोचत नाही तिथपर्यंत ते उतरतात आणि थंडी काढतात. जानेवारीतही एखादा दिवस उबदार निघाला तर कठड्याच्या तोंडाशी येऊन तासभर ऊन खातात आणि पुन्हा आत जातात. शरीरही साथ देतं. 1990 साली ओहायोतल्याच संशोधकांनी प्रयोगशाळेत दाखवलं की अंगातल्या पाण्याचा काही भाग थोडा वेळ गोठला तरी हा प्राणी त्यातून सावरू शकतो.

पहिली काही वर्षं कुणी फारशी दखल घेतली नाही. टॉरन्स कोर्टच्या आसपासच्या घरमालकांना परसात सरडे दिसू लागले, एवढंच. मग ते शेजारच्या मोहल्ल्यात गेले. 1984 साली सिनसिनाटीच्या झेवियर विद्यापीठातले जीवशास्त्रज्ञ स्टॅन्ली हेडीन यांनी या वसाहतीवर शोधनिबंध लिहिला, तोवर ती चांगली रुजलेली होती. रेल्वेमार्गाने या प्रसाराला कसा हातभार लावला, हे हेडीन यांनी 1999 मध्ये सहलेखकासोबत मांडलं. रुळांखालची खडी उन्हात तापते, तिच्यात लपायला असंख्य जागा असतात आणि वर झाडांची सावली नसते. सरड्यासाठी हा मैलोन्‌मैल पसरलेला राजमार्गच. ओहायो नदी ओलांडून ते केंटकीत पोचले, पश्चिमेला इंडियानातही गेले.

रुळांइतकाच हातभार माणसांनी लावला. लाझारस लिझर्ड ही शहराची लाडकी चीज झाली होती. मुलं ते पकडत, बरणीत घालून घरी नेत, आजोळी नेत. बागेतले किडे खाईल म्हणून मोठी माणसंही चार सरडे आणून आपल्या कठड्यावर सोडत. मूळच्या मुलाने केलं तेच शहराने हजार वेळा केलं. शहराच्या एका टोकाची वसाहत मधली जागा रिकामी ठेवून एकदम दुसऱ्या टोकाला उगवते, तेव्हा ती पायाने चाललेली नसते. ती कुणाच्यातरी बरणीतून आलेली असते.

मोज्याची हकीकत कितीतरी वर्षं शहरात तोंडी फिरत होती. तिला आधार मिळाला तो त्याच मुलाकडून. प्रौढ झाल्यावर त्याने 1989 साली पत्र लिहून आपण काय केलं ते सांगितलं. 2001 मध्ये गुंटराम डाइक्सेल आणि डॅनियल गिस्ट यांनी सिनसिनाटीच्या सरड्यांचं मूळ शोधणारा लेख प्रसिद्ध केला. जनुकांचा पुरावाही उत्तर इटलीकडेच बोट दाखवतो. एवढ्या थोड्या प्राण्यांपासून निघालेल्या प्रजेत वैविध्य कमी असणार हे उघड होतं, आणि तसं ते निघालंही. पण त्याने वाढ अडली नाही. ओहायोच्या वन्यजीव विभागाने अखेर वस्तुस्थिती मान्य केली आणि या सरड्याला राज्याचा कायमचा रहिवासी मानलं. त्याला काढून टाकणं तोवर कुणाच्याच आवाक्यातलं राहिलेलं नव्हतं.

सिनसिनाटीचे सरडे वाढत होते त्याच काळात अमेरिकेत सरपटणाऱ्या प्राण्यांचा व्यापार फोफावत होता. कॅन्सस राज्यातल्या टोपिका शहरात 1950 च्या दशकात प्राण्यांचा पुरवठा करणारी एक कंपनी होती. शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांना आणि हौशी लोकांना ती प्राणी विकायची. तिच्याकडून निसटलेल्या इटालियन भिंतसरड्यांनी आणि त्यांच्याहून मोठ्या हिरव्या सरड्यांनी आसपासच्या वस्तीत बस्तान बसवलं. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर गार्डन सिटी या गावी 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात हेच झालं. तिथल्या वसाहतीचं मूळही एका प्राणीविक्रेत्याच्या मालाशी जोडलं जातं. पुढे हॉफस्ट्रा विद्यापीठातल्या रसेल बर्क यांनी या सरड्यांचा दीर्घ काळ अभ्यास केला. पेटीला भोक, सैल झाकण, नाहीतर धंदा बंद होताना न विकला गेलेला माल: सुरुवातीला एवढंच पुरतं.

धंदा बंद होताना काय होतं याचं सर्वांत बोलकं उदाहरण कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचं. व्हँकूव्हर बेटावर व्हिक्टोरिया शहराजवळ सानिच इथे एक छोटं खासगी प्राणिसंग्रहालय होतं. 1970 च्या सुमारास ते बंद झालं आणि मालकाने त्यातले डझनभर भिंतसरडे मोकळे सोडले. मालकाच्या जागी स्वतःला ठेवून पाहिलं तर हा निर्णय कळतो. पिंजऱ्यातल्या जिवाला मारावं कसं? घेणारं कुणी नाही. समोर कुरण आहे, दगडांचे ढीग आहेत, उन्हाळा आहे. अशा वेळी झाकण उघडणारा हात दयेचाच असतो.

पहिली दोन-तीन दशकं हे सरडे त्या परिसराच्या फार बाहेर गेले नाहीत. त्यानंतर मात्र ते भराभर पसरले. नर्सरीतल्या कुंड्या, गवताच्या पेंढ्या, बांधकामाचे दगड, गाड्या आणि पुन्हा तीच लहान मुलं या सगळ्यांनी त्यांना पुढे नेलं. ते नानायमोपर्यंत आणि आसपासच्या छोट्या बेटांवरही गेले. ब्रिटिश कोलंबियाच्या रॉयल संग्रहालयातले गॅव्हिन हँकी गेली कित्येक वर्षं त्यांचा माग काढत आहेत. नागरिकांकडून नोंदी मागवून त्यांनी प्रसाराचा नकाशा तयार केला. डझनभरापासून सुरू झालेली ही संख्या आता काही लाखांत असल्याचा त्यांचा अंदाज आहे.

व्हँकूव्हर बेटाचा प्रश्न सिनसिनाटीहून वेगळा आहे. या बेटाचा मूळचा सरडा एकच, उत्तरेकडचा अ‍ॅलिगेटर लिझर्ड. तो अंडी घालत नाही, थेट पिल्लांना जन्म देतो, आणि तेही वर्षाला थोड्याच. त्याच दगडांवर ऊन खायला, तेच किडे टिपायला जर एका मोसमात दोन-तीनदा अंडी घालणारा पाहुणा आला, तर जागेच्या आणि अन्नाच्या या चढाओढीत मूळ रहिवाशाला मागे हटावं लागतं. शिवाय भिंतसरडा खाण्यात निवडक नाही. बेटावरचे छोटे बेडूक, कीटक, कोळी या सगळ्यांवर त्याची नजर. म्हणून तिथले अभ्यासक त्याला आक्रमक परकी प्राणी म्हणूनच मोजतात आणि लोकांना बजावतात की पकडलेला सरडा दुसऱ्या ठिकाणी नेऊन सोडू नका.

व्हिक्टोरियाचे सरडे सुटले त्याच सुमारास एड्रियाटिक समुद्रात एक प्रयोग झाला. तो हौसेचा नव्हता, विज्ञानाचा होता, तरी त्याने या सगळ्या इतिहासावर प्रकाश टाकला. 1971 साली एव्हियातार नेव्हो आणि सहकाऱ्यांनी आजच्या क्रोएशियातल्या लास्तोवोजवळच्या पॉड कोपिश्ते या बेटावरून इटालियन भिंतसरड्याच्या पाच जोड्या उचलल्या आणि शेजारच्या पॉड म्र्चारू या खडकाळ बेटावर सोडल्या. तिथे दुसऱ्या जातीचे भिंतसरडे आधीपासून होते. दोघांत कोण टिकतं हे पाहायचं होतं. पुढे अनेक वर्षं तिकडे कुणी गेलं नाही. मधे युगोस्लाव्हियाचं विघटन आणि युद्धही झालं.

2004 पासून डंकन इर्शिक, अँथनी हेरेल आणि सहकारी त्या बेटावर गेले. बेटभर पाच जोड्यांचे वंशज होते; मूळचे सरडे कुठेच नव्हते. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधातल्या निष्कर्षांनी जीवशास्त्रज्ञांना चकित केलं. किडे खाणाऱ्या पूर्वजांच्या या वंशजांच्या आहारात उन्हाळ्यात निम्म्याहून अधिक भाग पाल्याचा होता. डोकी मोठी झाली होती, चावा जोरदार झाला होता. आणि आतड्यात आडव्या घड्या, झडपांसारख्या, तयार झालेल्या दिसल्या. पाला त्या जागी थोडा वेळ अडतो आणि तिथले सूक्ष्मजीव तो कुजवून पचण्याजोगा करतात. पूर्वजांच्या बेटावरच्या सरड्यांत अशी रचना नव्हती. हे सगळं अवघ्या 36 वर्षांत झालं होतं.

हौशी माणसांच्या हिशेबात न आलेली गोष्ट इथे ढळढळीत दिसते. आपण सोडतो तो प्राणी काही पिढ्यांनी तोच राहत नाही. नव्या जागेशी तो स्वतःला जुळवून घेतो आणि ती जागाही बदलतो. इंग्लंडमध्ये जेफ्री व्हाइल, टोबियास उलर आणि सहकाऱ्यांना असंच काहीसं आढळलं. इंग्लंडचा उन्हाळा तोकडा. अंड्यातून पिल्लू वेळेत बाहेर आलं नाही तर थंडी त्याला गाठते. तिथे रुजलेल्या भिंतसरड्यांच्या माद्या अंडी पोटात जास्त काळ ठेवतात आणि अंड्यातली वाढ थंडीतही वेगाने होते, असं त्यांनी 2015 मध्ये दाखवलं. त्याच अभ्यासकांच्या गटाने दुसरी बाजूही मांडली: मोजक्या पूर्वजांमुळे जनुकांचं वैविध्य घटलेल्या वसाहतींत अंड्यातच मरणाऱ्या पिल्लांचं प्रमाण जास्त होतं. म्हणजे त्या प्राण्यांनीही या स्थलांतराची किंमत मोजली.

ब्रिटनने यावर कायद्याने उत्तर दिलं. 1981 च्या वन्यजीव आणि ग्रामीण परिसर कायद्याच्या नवव्या परिशिष्टात भिंतसरड्याचं नाव आहे. त्याला मोकळं सोडणं हा गुन्हा. पण दक्षिण किनाऱ्यावर त्याच्या वसाहती झाल्याच. डॉर्सेटमधल्या बोस्कमच्या कड्यांवर भिंतसरडे वाढले तसे तिथले मूळचे छोटे सरडे कमी होत गेल्याची नोंद आहे. स्थानिक लोकांचं मत मात्र एकमुखी नाही. व्हेंटनरला भिंतसरडे पाहायला मुद्दाम लोक येतात. वाळूतल्या दुर्मीळ सरड्याची काळजी वाहणारे अभ्यासक त्याच प्राण्याकडे धास्तीने पाहतात.

जर्मनीतला प्रश्न आणखी अवघड, कारण भिंतसरडा तिथला मूळचाच आहे. हौशी लोकांनी इटलीतून आणलेले त्याच जातीचे सरडे तिथे सुटले, मूळच्या सरड्यांशी त्यांचा संकर झाला आणि काही ठिकाणी मूळ कुळ जवळजवळ पुसलं गेलं. उलरिख शुल्टे आणि सहकाऱ्यांनी हा बदल किती थोड्या काळात झाला ते 2012 मध्ये मांडलं. भिंतीकडे पाहून कुणाला काही कळणार नाही. तिथे कालही भिंतसरडे होते, आजही आहेत. बदललंय ते त्यांच्या आतलं.

आणि याच प्राण्यासाठी नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्त शहराने जुने तट जपले. त्या देशातला मूळचा भिंतसरडा फक्त तिथल्या तटबंदीत उरला होता आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतका खाली आला होता. भिंतींची डागडुजी करताना फटी बुजवायच्या नाहीत, झुडपांची सावली वाढू द्यायची नाही, असं जपत त्याला वाचवलं गेलं. 1979 च्या बर्न करारात युरोपाने या जातीला कडक संरक्षण दिलं. जन्मभूमीत ज्याला हात लावायचा नाही, परमुलखात ज्याला हटवायचं, तो प्राणी एकच. तो चांगला की वाईट, हा प्रश्न म्हणूनच चुकीचा आहे. विचारायचं ते एवढंच की तो तिथे कसा आला आणि तिथे आधी कोण राहत होतं.

या कसोटीवर सिनसिनाटी आणि व्हिक्टोरिया यांचे निकाल वेगळे लागले, यात विसंगती नाही. सिनसिनाटीत सरडे शिरले ते मुख्यतः माणसांनी बांधलेल्या, कठड्यांनी भरलेल्या वस्तीत. ओहायोचे मूळचे सरडे रानात, झाडोऱ्यात राहणारे. दोघांची गाठ कमी पडली म्हणून शहराला त्यांचं कौतुक परवडलं. व्हँकूव्हर बेटावर गाठ थेट पडली. पण दोन्हीकडे सोडणाऱ्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असणं शक्यही नव्हतं. सिनसिनाटीचं निभावलं ते नशिबाने. नशिबावर सोडलेल्या शंभर प्रयोगांतला एकच बेट उजाड करायला पुरतो.

हा इतिहास आपल्यालाही परका नाही. 1847 साली विल्यम बेन्सन या शंख-शिंपल्यांच्या अभ्यासकाने मॉरिशसहून आणलेल्या मोठ्या आफ्रिकन गोगलगायी कोलकात्यात चौरंगीच्या एका बागेत सुटल्या. त्यामागेही कुतूहल आणि हौस होती. आज ती गोगलगाय देशभर पसरली आहे. मराठवाड्यात सोयाबीनची कोवळी रोपं रातोरात फस्त करणाऱ्या शंखी गोगलगायीशी झुंजताना शेतकऱ्याला त्या बागेची कल्पनाही नसते. मुंबई-पुण्यातल्या मत्स्यालयाच्या दुकानांतून लाल कानपट्टीची इवलीशी अमेरिकन कासवं वर्षानुवर्षं विकली गेली. ती ताटाएवढी वाढली की घरची माणसं जवळच्या तळ्यात नेऊन सोडतात, आणि जीव वाचवल्याच्या समाधानाने परततात. सानिचच्या मालकाने केलं तेच.

2024 पासून विदेशी पाळीव प्राण्यांची नोंदणी भारतात बंधनकारक झाली आहे. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या परिशिष्टांत ज्यांचं नाव आहे अशा प्राण्यांचा ताबा, जन्म, मृत्यू, हस्तांतर हे सगळं कळवावं लागतं. पाऊल योग्य आहे. पण त्या याद्या ठरतात त्या व्यापारामुळे प्राण्याच्या जातीला किती धोका आहे यावरून. नव्या देशात सुटल्यावर तो काय करील यावरून नाही. साधा भिंतसरडा त्या परिशिष्टांत नाही. जो मुबलक आहे, स्वस्त आहे, पटकन वाढतो, तोच सुटल्यावर सर्वांत जास्त पसरतो, आणि नेमका तोच यादीबाहेर राहतो. ही फट आपल्या कायद्याने भरायला हवी.

वेळेवर हालचाल केली तर काय साधतं याचाही दाखला आहे. इंग्लंडमधल्या बकिंगहॅमशर परगण्यात इटलीहून आलेल्या दगडांबरोबर इटालियन भिंतसरडे आले. कुणीतरी ते ओळखले आणि लगेच कळवलं. अभ्यासकांनी एकेक करून ते पकडले, आणि पसरण्याआधीच वसाहत संपवली. 2012 साली प्रसिद्ध झालेली ही नोंद छोटीशी आहे. ज्यात काही घडलं नाही अशा गोष्टींच्या नोंदी छोट्याच असतात. सिनसिनाटीत किंवा सानिचमध्ये पहिल्या दोन-चार वर्षांत असं कुणी धावलं असतं तर आज हा लेख लिहायचं कारण उरलं नसतं.

मुलांना सरडे, कासवं, बेडूक आवडतात ही चांगली गोष्ट आहे. त्या आवडीतूनच पुढे हेडीन आणि हँकी घडतात. ती मारायची नाही, तिला पूर्ण शिकवायची आहे. प्राणी घरी आणताना तो किती वाढेल, किती जगेल आणि आपल्याला नकोसा झाला तर कुणाकडे जाईल, हे विचारायला मुलांना शिकवलं पाहिजे. विकणाऱ्या दुकानदारावर तो परत घेण्याची जबाबदारी टाकली पाहिजे. नगरपालिकांनी अशा प्राण्यांसाठी स्वीकार-केंद्रं उघडली पाहिजेत, म्हणजे तळ्याकाठी जाणाऱ्या माणसाला दुसरी वाट दिसेल. झाकण उघडण्याआधीची ती पाच मिनिटंच काय ती आपल्या हातात असतात. त्यानंतरचा हिशेब शतकांचा असतो, आणि तो आपल्या नातवंडांना द्यावा लागतो.